अजब बंगल्यातली चर्चा कुठे साठवावी?

१/ १८६३ सालच्या सप्टेंबर महिन्याची ४ तारीख. नागपूरजवळच्या टाकळघाट परिसरातील शिळावर्तुळे पाहून एक गृहस्थ घोड्यावरून परतत होते. रात्र झालेली, पावसाने नाला फुगलेला. त्या नाल्यात ते बुडाले. हे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. पेशाने मिशनरी, ओढीने भूवैज्ञानिक, आणि १८४५ पासून नागपूर परिसरातील खडक, जीवाश्म व आदिवासी बोली यांची टिपणे करत आलेले अभ्यासक. त्या रात्री त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञानही वाहून गेले असते. ते का गेले नाही, आणि आजच्या संग्रहालयांना त्यातून काय शिकता येईल, याविषयी हा धागा.

२/ ज्ञान वाचले, कारण ते कागदावर होते आणि तो कागद एकाच माणसाच्या पेटीत अडकून पडला नव्हता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह हिस्लॉप यांनी नागपूरच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला होता. आदिवासी समाजांवरील अप्रकाशित टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी जमवली, संपादित केली आणि १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गोंडांच्या लिंगोची कथा मूळ गोंडी शब्दांसह त्या ग्रंथात आली. अभ्यासक अजूनही तिच्याकडे वळतात.

३/ त्याच १८६३ साली, त्याच टेंपल यांच्या पुढाकाराने नागपुरात संग्रहालय स्थापन झाले. सरकारदरबारी ते ‘मध्यवर्ती संग्रहालय’, नागपूरकरांच्या तोंडी ‘अजब बंगला’. देशातील सर्वांत जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. तेव्हापासून वस्तूंना घर मिळाले. वस्तू सांभाळणाऱ्यांच्या अनुभवाला, शंकांना, चुकांना आणि सुचलेल्या कल्पनांना मात्र पक्के घर कोणते, हा प्रश्न आजही उभा आहे. फरक इतकाच, की टेंपल यांच्या काळी तो छापखान्याचा प्रश्न होता आणि आज तो ऑनलाइन मंचाचा आहे.

४/ संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनी परस्परांशी विचारविनिमय करण्यासाठी कोणता मंच निवडावा? हा विषय बहुधा ‘संगणकवाल्यांचा’ म्हणून बाजूला सारला जातो आणि मग ज्याच्या हाती जो फोन, त्यातले ॲप हाच निर्णय होऊन बसतो. या धाग्याचे प्रतिपादन सरळ आहे. मंचाची निवड हा अभिलेख जपण्याचा निर्णय आहे. रजिस्टर कोणत्या कागदावर लिहावे याचा विचार जितक्या गांभीर्याने होतो, तितक्याच गांभीर्याने तो घेतला गेला पाहिजे.

५/ आधी देवाणघेवाण कशाची, हे पाहू. एक उदाहरण. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गंगेरिया या गावी तांब्याच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. ४२४ तांब्याची अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे. भारतातील ताम्रनिधींमध्ये याची बरोबरी करणारे फार थोडे. या साठ्यातील काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात आल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. म्हणजे एकाच खड्ड्यातून निघालेल्या भावंडांची देखभाल आज वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या हवेत चालते.

६/ तांब्याला आणि काशाला एक आजार जडतो. धातूत दडलेल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की पृष्ठभागावर फिकट हिरवी भुकटी उगवते आणि धातू आतून पोखरला जातो. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत असणारी नागपूरची हवा जुलैत एकदम ओलसर होते. काचेच्या कपाटात सिलिका जेल किती ठेवावे, ते किती दिवसांनी वाळवावे, कोणत्या दालनातील भिंत पावसात पाझरते, हे पाठ्यपुस्तकात नसते. ते त्या दालनात वीस पावसाळे काढलेल्या माणसाला ठाऊक असते.

७/ आणि तो माणूस एके दिवशी निवृत्त होतो. हार, श्रीफळ, दोन भाषणे, एक छायाचित्र. वस्तूंचा कार्यभार यादीनुसार हस्तांतरित होतो, सह्या होतात. वीस पावसाळ्यांचा कार्यभार कोणत्याच यादीत नसतो. रायपूरच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या सहकाऱ्याने पूर्वी असाच पेच सोडवला असेल, तर तो उपायही त्याच्यासोबत घरी जातो. नवा माणूस पुन्हा पहिल्या पावसाळ्यापासून आरंभ करतो. वस्तूंच्या दृष्टीने हे पुन्हापुन्हा शिकणे फार महाग पडते.

८/ ही अडचण नवी नाही आणि आधीच्या पिढ्यांनी तिच्यावर आपापल्या परीने उपायही शोधले होते. रायबहादूर हिरालाल यांचे उदाहरण घ्या. प्रशासकीय सेवेतील या अभ्यासकाने मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची तयार केली. ती १९१६ मध्ये छापली गेली आणि १९३२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. कोणता लेख कुठे आहे, त्यात काय आहे, तो कोणी वाचला, हे सारे एका जागी आले. पुढच्या संशोधकाला गावोगाव चौकशी करत हिंडण्याची गरज उरली नाही.

९/ संग्रहालयवाल्यांनी एकत्र बसून बोलावे, ही कल्पनाही जुनीच. १९०७ च्या डिसेंबरात कलकत्त्यात आणि १९१२ च्या जानेवारीत मद्रासला संग्रहालयांच्या परिषदा भरल्या. १९३६ मध्ये मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी हिंदुस्थानातील १०५ संग्रहालयांचा आढावा प्रसिद्ध केला. १९४४ मध्ये म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघू लागले. परिषद, अहवाल, संघटना, नियतकालिक. हे त्या त्या काळचे मंचच होत.

१०/ या मंचांचा वेग मंद होता. पत्राला उत्तर यायला आठवडे लागत, अंक यायला महिने. बोलणारेही मोजकेच होते. साहेब, अधिकारी, विद्वान. दालन झाडणाऱ्या, कपाट उघडणाऱ्या माणसाचा शब्द त्यात कुठेच उमटला नाही, हा त्यांचा मोठा दोष. तथापि एक गुण निर्विवाद होता. छापलेला अंक एकाच वेळी अनेक ग्रंथालयांत जाई. एक प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसरी राही. संपादक बदलला, संस्था बंद पडली, तरी आधीचे अंक कोणी परत मागून नेत नसे.

११/ आता नागपूरचा विशेष पेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. संग्रहालय मात्र जागचे हलले नाही. गंगेरिया आता मध्य प्रदेशात आणि त्या साठ्यातील वस्तू महाराष्ट्रात, अशी स्थिती झाली. १८७५ पासूनचे रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय एकेकाळी याच मध्य प्रांताच्या कारभारात होते. आज ते छत्तीसगडात आहे. वस्तूंची कुळे एक, फाइली तीन राज्यांच्या.

१२/ शहरातही तेच. मध्यवर्ती संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. मोतीबागेतील २००२ साली सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय रेल्वेकडे. १९९२ चे रमण विज्ञान केंद्र केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या छत्राखाली. खडक आणि जीवाश्म सांभाळणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय खाण मंत्रालयाचे. चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातील वस्तू आहेत, त्या एका संस्थेने जपल्या. एका शहरात इतकी छत्रे, आणि प्रत्येकाचे परिपत्रक वेगळ्या दिशेने येते.

१३/ उन्हाळ्याची झळ, पावसाळ्याची ओल आणि वाळवी मात्र मंत्रालय विचारून येत नाही. बाबासाहेबांचा कोट असो की रेल्वेचे जुने लाकडी सामान, कापड आणि लाकूड यांची दुखणी सगळीकडे सारखीच. शांतिवनात कापड जपताना आलेला अनुभव मोतीबागेत उपयोगी पडू शकतो. मोतीबागेतील लोखंडाचा अनुभव अजब बंगल्यातील तोफांना आणि शस्त्रांना. हे संवाद वरून खाली येणाऱ्या परिपत्रकांतून होणार नाहीत. त्यासाठी आडवी वाट हवी, एका खात्यातील माणसाने दुसऱ्या खात्यातील माणसाला थेट विचारण्याची.

१४/ ही आडवी वाट म्हणून व्हॉट्सॲपचे गट आज देशभर वापरले जातात आणि त्यामागची कारणे खरी आहेत. फोन प्रत्येकाकडे आहे, शिकवावे लागत नाही, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलून संदेश पाठवता येतो. छत गळू लागले तर दोन मिनिटांत छायाचित्र दहा जणांपर्यंत पोहोचते. आणीबाणीत याहून चांगले साधन नाही. ज्यांनी हा मार्ग पत्करला त्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांनी हाताशी होते त्यातून काम चालवले.

१५/ पण त्याच गटात तीन वर्षांपूर्वी एखाद्या जाणकाराने ताम्रवस्तूंच्या आजारावर लिहिलेले मोलाचे टिपण आज शोधून पाहावे. ते शुभ सकाळच्या फुलांखाली, वाढदिवसाच्या केकखाली आणि बैठकीच्या सूचनांखाली गाडले गेलेले असते. नव्याने रुजू झालेल्याला आधीची वर्षानुवर्षांची चर्चा मिळत नाही. फोन हरवला, क्रमांक बदलला, की त्या माणसापुरता इतिहास पुसला जातो. पाठवलेले छायाचित्र आकुंचित होऊन येते, आणि धातूवरील ठिपका नेमका हिरवा की निळा, हेच त्यात दिसेनासे होते.

१६/ पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना स्तर वाचता येतात. वरचा थर नवा, खालचा जुना, आणि प्रत्येक थरात सापडलेल्या वस्तूचे स्थान नोंदलेले. गटातील संभाषणाला असा थर नसतो. ते नदीच्या पुरातून वाहत आलेल्या खापरांसारखे असते. खापर खरे असते, पण ते कुठले, कोणाच्या सोबतचे, हे सांगता येत नाही. संदर्भ तुटलेली वस्तू संग्रहालयात आली तर अभिरक्षक हळहळतो. मग संदर्भ तुटलेल्या चर्चेबद्दल त्याच संग्रहालयाने बेफिकीर का राहावे?

१७/ मग मोठ्या कंपनीचे दुसरे एखादे व्यासपीठ घ्यावे? इथे अलीकडचा इतिहास साक्षीला आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले; भारतात ते किती लोकप्रिय होते हे आजच्या तिशीतल्यांना आठवत असेल. गूगल प्लसची सामान्य ग्राहकांसाठीची सेवा एप्रिल २०१९ मध्ये संपली. याहू ग्रुप्सने डिसेंबर २०२० मध्ये गाशा गुंडाळला, आणि अनेक छंदी मंडळांच्या जुन्या चर्चा त्याबरोबर गेल्या. भारतीय बनावटीचे ‘कू’ही २०२४ मध्ये थांबले. १६० वर्षे ओलांडलेल्या संग्रहालयापुढे या सेवांचे आयुष्य म्हणजे एखाद्या तात्पुरत्या प्रदर्शनाइतके.

१८/ सेवा चालू राहिली तरी अटी बदलतात. कार्यालयीन संभाषणासाठी नावाजलेल्या स्लॅकने २०२२ च्या सप्टेंबरपासून मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दाखवणे थांबवले. व्यापारी कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण ९० दिवस म्हणजे नागपूरचा एक उन्हाळा. मार्चमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जुलैत लागते, कारण भिंत जुलैत पाझरते. संग्रहालयाचा काळ आणि कंपनीचा काळ यांची मापे निराळी आहेत, हे निवड करताना विसरता येत नाही.

१९/ कोणी म्हणेल, सरकारने ‘जतन’ केलेच आहे की! पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेली ही प्रणाली आणि तिच्यावर आधारलेले, २०१४ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय संकेतस्थळ हे मोलाचे काम आहे. परंतु ते वस्तूंच्या नोंदींसाठी आहे. वस्तूचे नाव, माप, काळ, छायाचित्र. ‘या मूर्तीच्या पायथ्याशी पांढरा थर येतो आहे, तुमच्याकडे असे झाले होते का?’ हा प्रश्न नोंदीच्या कोणत्या रकान्यात बसणार? नोंदवही हवीच, तिच्याशेजारी बोलण्याची जागाही हवी. एकीचे काम दुसरीवर ढकलता येत नाही.

२०/ हे सारे किती निकडीचे आहे, ते ब्राझीलला विचारावे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ द जानेरोचे दोनशे वर्षांचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. संग्रहाचा बहुतांश भाग गेला, त्यात बोलणारे उरले नाहीत अशा भाषांची ध्वनिमुद्रणेही होती. त्यानंतर संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले, की पूर्वी काढलेली छायाचित्रे पाठवा. विखुरलेल्या प्रतींतूनच काही आठवण परत मिळाली. इकडे दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २०१६ च्या एप्रिलमध्ये असेच आगीत गेले. प्रत अन्यत्र असणे, हाच शेवटी आधार.

२१/ तर मंच निवडताना कोणत्या कसोट्या लावाव्यात? पहिली कसोटी बाहेर पडण्याची. आत शिरण्याआधी दार बाहेरच्या बाजूने उघडते का ते पाहावे. दहा वर्षांची सगळी चर्चा, नावे, तारखा आणि छायाचित्रांसह एका फाइलीत काढून दुसरीकडे नेता येते का? येत नसेल तर तो मंच कितीही देखणा असो, संग्रहालयाच्या कामाचा नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांसाठी २००५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. सरकारी कागदाला हा मान, तर त्याच कामाविषयीच्या चर्चेला तो का नसावा?

२२/ दुसरी कसोटी मराठीची. चर्चा मराठीत शोधता आली पाहिजे. हे वाटते तितके सोपे नाही. अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेखन झाले. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिखल होतो आणि शोधयंत्राला त्यातला एक शब्द कळत नाही. शिवाय एकच वस्तू कोणी ‘ताम्रपट’ म्हणतो, कोणी ‘ताम्रपत्र’. हिंदी भाषक सहकारी ‘ताम्रपत्र’च लिहिणार. म्हणून युनिकोडचा आग्रह आणि विषयवार खुणांची ठरलेली यादी, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात.

२३/ तिसरी कसोटी सर्वांत अवघड, कारण ती यंत्राची नाही. मंचावर परिचराला बोलता येते का? ज्या गटात साहेब असतात त्या गटात खालचा माणूस अंगठा दाखवून मोकळा होतो, हे कोणत्याही कार्यालयातील माणूस सांगेल. पण कपाटाच्या बिजागरीचा आवाज बदलला हे परिचराला आधी कळते. त्यामुळे प्रश्नांची मांडणी हुद्द्यानुसार करू नये, विषयानुसार करावी. बोललेले लिहून घेण्याची सोय असावी, आणि ‘आमच्याकडे हे चुकले’ असे सांगणाऱ्यावर कारवाईची टांगती तलवार नसावी. हा शेवटचा नियम वरिष्ठांनी स्वतःची चूक आधी लिहूनच घालून द्यावा लागेल.

२४/ चौथी कसोटी कुंपणाची. सगळे सर्वांसमोर ठेवावे, हा भाबडेपणा ठरेल. नाणेनिधी नेमका कोणत्या शेतात सापडला, कोणत्या दालनाचा कॅमेरा बंद आहे, मौल्यवान वस्तू कोणत्या वाटेने हलवणार, ही माहिती चोरांच्याही कामाची असते. म्हणून दोन ओसऱ्या असाव्यात. आतली ओसरी ओळख पटलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. बाहेरची ओसरी विद्यार्थी आणि अभ्यासकांसाठी, जिथे जतनाचे उपाय, प्रदर्शनाच्या कल्पना आणि शाळांसाठीचे उपक्रम खुलेपणाने मांडले जातील. कोणती गोष्ट कुठे ठेवायची, हे माणसाने ठरवावे. ॲपच्या मूळ सेटिंगवर सोडू नये.

२५/ पाचवी कसोटी मालकीची. या निकषांवर पाहता, या धाग्याचा कौल मुक्तस्रोत चर्चामंचाच्या बाजूने आहे. ‘डिस्कोर्स’ किंवा ‘झुलिप’ यांसारखी साधने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, विषयवार चर्चा ठेवतात आणि सगळी विदा आपल्या हाती राहते. यजमान कोण? एका राज्याचे एक खाते यजमान झाले तर भोपाळ आणि रायपूर कडेला उभे राहतील. १९२३ पासून या साऱ्या मुलखाचे शिक्षण पाहिलेले नागपूर विद्यापीठ हा अधिक स्वाभाविक पर्याय. टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये उत्खनन करून हिस्लॉप यांचा अर्धवट राहिलेला शोध पुढे नेला, तोही याच विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने, शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली.

२६/ यावर आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. नवा मंच उघडला तरी तिथे कोणी फिरकणार नाही. लोक व्हॉट्सॲपवरच राहतील. सर्व्हरची देखभाल करणारा उत्साही तरुण नोकरी बदलून गेला की मंच ओस पडेल. दोन्ही गोष्टी घडू शकतात. पहिलीवर उतारा असा, की व्हॉट्सॲप बंद करू नये, त्याला फक्त घंटेचे काम द्यावे. ‘अमुक प्रश्न मंचावर आला आहे’ एवढा निरोप गटात, उत्तर मंचावर. सुरुवातही सगळ्या विषयांनी नको. धातूंचे जतन हा एकच विषय घेऊन एक पावसाळा चालवून पाहावा.

२७/ दुसऱ्या आक्षेपावर उतारा जुनाच आहे, १८६६ चा. दरवर्षी मंचावरील निवडक चर्चा संपादित करून एक वार्षिक पुस्तिका काढावी आणि ती नागपूर, मुंबई, भोपाळ, रायपूर येथील ग्रंथालयांत ठेवावी. प्रश्न कोणी विचारला, उत्तर कोणी दिले, उपाय लागू पडला की फसला, हे सारे नावानिशी. परिचराचे नाव अभिरक्षकाच्या नावाशेजारी छापले जावे. उद्या सर्व्हर बंद पडला, कंपनी बुडाली, तरी पुस्तिका राहील. मंच हा बोलण्यासाठी आणि पुस्तिका टिकण्यासाठी. दोहोंपैकी एकच परवडत असेल, तर आधी पुस्तिका धरावी.

२८/ शेवटी अजब बंगल्यातील एका शिळेविषयी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे ही शिळा मिळाली. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख मौर्यकालीन ब्राह्मी वळणाचा, वा. वि. मिराशी यांच्या मते तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा, प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास बंदी करणारा आदेश. दुसरा त्यानंतर अनेक शतकांनी कोरलेला, वाकाटक राजा रुद्रसेन याच्या चिक्कंबुरी येथील धर्मस्थानाचा. १८७० च्या दशकात ही शिळा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अहवालांत आली आणि विसाव्या शतकात मिराशींनी तिच्यावरील लेखांचा अर्थ लावला.

२९/ ज्यांनी पहिला लेख कोरला त्यांना रुद्रसेन ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि रुद्रसेनाच्या कोरक्याला मिराशी ठाऊक नव्हते. तरीही तिघांचे बोलणे एकाच दगडावर आज वाचता येते. त्या दगडाशेजारी उभा राहणारा कर्मचारी जेव्हा सहकाऱ्याला काही सांगू पाहतो, तेव्हा त्याचे सांगणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी टिकावे, एवढीच या धाग्याची मागणी आहे.

३०/ तरुण वाचकांनी सिव्हिल लाइन्सकडे गेल्यावर अजब बंगल्यात जरूर डोकवावे. देवटेकची शिळा आणि गंगेरियाची तांब्याची अवजारे यांची चौकशी करावी. दालनात बसलेल्या परिचराला विचारावे, पावसाळ्यात इथे काय काय करावे लागते. उत्तर मिळाले तर ते तारखेसह, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन लिहून ठेवावे. मंच येईल तेव्हा येईल. तोवर वहीचे पहिले पान रिकामे ठेवण्याचे कारण नाही. धागा समाप्त. मतभेद असतील तर खाली सविस्तर मांडावेत.